पौष लागायच्या आत

॥ श्री ॥

चिंचवड,
२४ नोव्हेंबर १९५७

यशवंतदादा, नमस्कार.

माथ्यावरचा 'श्री' तुम्हाला चिडवण्यासाठीच घातला आहे. इमारत खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेल्या आणि देवापुढे आयुष्यात एकदाही हात न जोडलेल्या मावसभावाला चिडवण्याचा याहून स्वस्त उपाय मला सापडलेला नाही.

आधी चांगली बातमी. आकुर्डीच्या माळावर आपल्या निवारा मंडळाची अठराही घरं भिंतींपर्यंत उभी राहिली. दसऱ्याला तुम्ही जोत्यांची आखणी बघायला आलात, तेव्हा तिथे शेळ्या बसल्या होत्या आणि तुम्ही त्यांना मंडळाचे पहिले सभासद म्हणाला होतात. दिवाळीनंतर पुनावळ्याच्या शेतकऱ्यांनी इर्जिक केली. शेताच्या कामाला एकमेकांची औतं फुकट येतात, तशा त्यांच्या बैलगाड्या आल्या आणि एका दिवसात खाणीतला सगळा दगड माळावर आणून टाकला. आपल्याकडून नुसतं जेवण. मग काय विचारता! जी माणसं या घरांत राहणार, तीच कारखान्याची शिफ्ट संपवून भिंती रचायला येत होती. मी शाळा सुटल्यावर जायची, ती चहाची किटली घेऊन. चहा बरा होता, पण मुख्याध्यापिकेच्या हातून तो प्यायला सगळे लाजत. मी दटावलं तेव्हा कुठे प्यायले.

आता अडचण. पिंपरीत या लोकांच्या झोपड्या ज्या जमिनीवर आहेत, ती रंगरावांची. त्यांनी ती एका नव्या कंपनीला विकली आहे. ते भर पावसाळ्यात झोपड्या उठवणार होते. आम्ही मंडळातले चौघे त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि ३१ डिसेंबरपर्यंतची मुदत घेऊनच उठलो, हे तुम्हाला माहीत आहे. मंडळाचा नियम लिहून दिलात, तसंच त्यावरून तुम्ही वेळापत्रकही करून दिलंत: डिसेंबरच्या मध्याला लाकूड आणि कौलं, नाताळपर्यंत छप्पर, शेवटच्या आठवड्यात माणसं आत. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे आणि घोटाळा तिथेच आहे.

काल सभेत मी हे वाचून दाखवलं. सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात सारजाबाई उठली. करमाळ्याकडची आहे. मुलगा ज्योतीराम पेनिसिलीनच्या कारखान्यात लागला, त्याच्या मागे सून-नातवासकट आली. ती म्हणाली, "बाई, समदं खरं. पर त्या दिसांत पौष आसंल की. पौषात नव्या घरात कोन जातंय?"

मग एकेक करून सगळेच म्हणाले, व्हय, पौषात न्हाई. दादा, आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, दोन मास्तर आहेत, दुकानदार आहेत. प्रत्येकाच्या घरी खुंटीला पंचांग आहे. मी तर रोज सकाळी त्यात एकादशी आली का ते बघते. आणि इतक्या माणसांनी मिळून मुदत घेतली ती इंग्रजी तारखेची, महिना कोणता ते एकानेही पाहिलं नाही. पौष २२ डिसेंबरला लागतो, तो १९ जानेवारीपर्यंत. म्हणजे घर तयार होईल तेव्हा कुणी आत जाणार नाही आणि झोपडीत राहायची मुदत संपलेली असेल.

लाकूड लवकर मिळेल का? पौष लागायच्या आत छप्पर चढलं तर सगळंच सुटेल.

तुमची,
दुर्गा


अहमदनगर,
२७ नोव्हेंबर १९५७

दुर्गा,

तुझा 'श्री' पोहोचला. त्याने लाकूड लवकर आणलं तर मीही त्याला हात जोडीन.

लाकूड १४ तारखेच्या आधी येणार नाही. मी वखारवाल्याला पुन्हा लिहिलं, त्याचं उत्तर आलं. सागाची आणि मार्गशीर्षाची काही ओळख नाही. अठरा घरांचं छप्पर म्हणजे कैच्या, वासे, रिपा आणि वर कौलं. घाई केली तर पहिल्या वाऱ्यात ते सगळं लोकांच्या डोक्यावर येईल. वेळापत्रक आहे तेच राहील.

आता तुझ्या सारजाबाईबद्दल. मी नोकरीत असताना पौषात पूल बांधले, पौषात दवाखान्यांना कुलपं लावली आणि उघडली. एकही पूल महिना विचारून पडला नाही. माणसं पौषात जन्माला येतात, त्यांना कुणी परत पाठवत नाही. मग घराचा उंबरा ओलांडायला काय झालं? बाई हट्टी दिसते. हट्टाला मान दिला की तो वाढतो, हे तुला शाळेतल्या मुलींवरून कळलं असेलच. तू सरळ जाहीर कर की, ३१ तारखेपर्यंत जो येणार नाही त्याचं घर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. आठ दिवसांत सगळ्यांचा पौष उतरेल.

कडक वाटेल, पण कडक बोलायला कुणीतरी लागतंच. तुमच्या मंडळात सगळे फार गोड आहेत.

परवा मी सोलापूरला धाकट्याकडे जातो आहे. नगरची थंडी या वर्षी मानवत नाही, शिवाय थोरल्याच्या मुलांना अभ्यासाला खोली लागते. पुढचं पत्र सोलापूरच्या पत्त्यावर टाक.

यशवंत


चिंचवड,
५ डिसेंबर १९५७

दादा,

तुमचं पत्र मी सभेत वाचलं नाही. वाचलं असतं तर मंडळाला ओव्हरसिअर राहिला नसता.

पण तुम्ही म्हणालात त्यातलं थोडं मी करून पाहिलं, कारण मलाही राग आला होता. सारजाबाईच्या झोपडीत जाऊन म्हटलं की, तुझ्यापायी अठरा घरं अडली आहेत. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने सांगितलं. दहा वर्षांपूर्वी ती आणि नवरा कालव्याच्या कामावर गेले. मुकादमाने पौषातच जुनी पालं मोडून नव्या जागी न्यायला लावली. तिथे पाल ठोकलं आणि त्याच महिन्यात खोदाईची दरड नवऱ्यावर कोसळली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, पौषानं मारलं का मुकादमानं, त्ये मला ठावं हाय. म्या येडी न्हाई. पर त्या म्हयन्यात पुन्यांदा नवा उंबरा वलांडायचा, तर माझा पाय उचलत न्हाई. नातू हाय कडंवर."

दादा, मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. यावर कोणता नियम जाहीर करायचा ते तुम्हीच सांगा.

तिथून मी रंगरावांकडे गेले. पौष संपेपर्यंत थांबा, एवढंच मागितलं. ते म्हणाले, "बाई, कंपनीला शब्द दिलाय. एक तारखेला तारा ठोकायला माणसं येनार. माझ्या हातात आता काय न्हाई." मी म्हटलं, लोक पौषात नव्या घरात जायला तयार नाहीत. तर हे गृहस्थ म्हणतात, "बराबर हाय त्यांचं. मी तरी जाईन व्हय?" आता या माणसावर रागवायचं तरी कसं! चहा प्यायले आणि उठले.

इकडे रोज कुणीतरी ढळतं आहे. दोन कुटुंबं कालच निघून गेली. एक देहूरोडला नातलगाकडे गेलं, दुसरं नुसतंच रेल्वेच्या पुलाखाली जाऊन बसलं आहे. मी समजवायला गेले, तर त्या घरची बाई म्हणाली की, पौष सरला की येऊ. तोवर थंडीत पोरांचं काय होईल? आपलं मंडळ निघालं ते माणूस रस्त्यावर यायच्या आधी त्याला धरायचं म्हणून. घरं बांधून झाली आणि माणसं पुलाखाली गेली, तर आपण काय केलं? सारजाबाईने गावी परतायचं ठरवलं, तर ज्योतीरामची नोकरी जाईल. तिथे त्यांचं शेत नाही, घर नाही. एकदा गेली की ती परत येणार नाहीत.

पण मी हे होऊ देणार नाही. कसं, ते अजून माहीत नाही. तुमच्या डोक्यात पुलांखेरीज दुसरं काही असेल तर कळवा.

दुर्गा


सोलापूर,
९ डिसेंबर १९५७

दुर्गा,

सारजाबाईला हट्टी म्हणालो ते मागे घेतो. तिला तसं सांगू नकोस, कारण मी तिला हट्टी म्हणालो होतो हे तिला ठाऊकच नसेल.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. आता व्हरांड्यात बसून लिहितो, कारण आत सुनेच्या माहेरची मंडळी उतरली आहेत आणि टेबल त्यांच्याकडे आहे. मला पूल सोडून दुसरं एकच आठवलं. ते तुझ्या वहिनीचं आहे, आणि ते सांगताना मला मोठं अवघड जातं आहे.

माझ्या बदल्या किती झाल्या ते तुला माहीत आहे. हुकूम यायचा आणि निघायचा दिवस सरकार ठरवायचं. तो नेमका वाईट निघाला, की तुझी वहिनी पंचांग काढायची, त्याआधीचा चांगला दिवस शोधायची आणि त्या दिवशी पस्तान ठेवायची. सुपारी, मूठभर तांदूळ आणि तिचं एक नेसायचं लुगडं फडक्यात बांधून जायच्या वाटेवरच्या एखाद्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवायचं. ते गेलं की आपण निघालो असं धरायचं. मग अमावास्येला प्रत्यक्ष निघालो तरी हरकत नाही, कारण निघणं आधीच झालेलं आहे.

मी दर वेळी हसायचो. 'सरकारला फसवता येत नाही, तू ग्रहांना फसवतेस,' म्हणायचो. आणि दर वेळी ते गाठोडं शेजारी पोचवायला मीच जायचो, सायकलच्या हँडलला अडकवून. एकदा कचेरीतल्या साहेबाने वाटेत गाठलं आणि विचारलं की, यात काय आहे. मी सांगितलं, 'बायको.' तो बिचारा पुन्हा माझ्याशी कामापुरतंच बोलला.

ती गेली तेव्हा कुठलाच दिवस पाहायला वेळ मिळाला नाही. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

तुझ्या लोकांना पस्तान ठाऊक असेल. १९ तारखेला गुरुवार आहे, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायका लक्ष्मी मांडतात, एवढं मलाही कळतं. त्या दिवशी प्रत्येक घराचं एकेक गाठोडं आकुर्डीच्या भिंतींत नेऊन ठेवा आणि छप्पर झाल्यावर माणसं न्या. घर बदलायला हे चालतं की नाही, ते मला माहीत नाही. मी फक्त हमालीचा जाणकार आहे.

यशवंत


चिंचवड,
१५ डिसेंबर १९५७

दादा,

तुमचं पत्र वाचताना मी रडले आणि साहेबापाशी येऊन इतकी हसले की, शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

आज दुपारी माळावरच सभा घेतली. वहिनीचं पस्तान मी सगळ्यांना सांगितलं, साहेबासकट. तुम्ही रागवाल, पण इलाज नव्हता. लोकांना ते फार आवडलं. म्हाताऱ्या दत्तोबाने मात्र नाक मुरडलं. तो गावात मुहूर्त सांगतो. म्हणाला, "पस्तान वाटंला लागायला असतंय. त्ये बी चार-सा दिस टिकतंय. घर भरायला न्हाई चालत." झालं, पुन्हा सगळे खाली मान घालून बसले. मी तुमच्यावर आणि दत्तोबावर, दोघांवरही मनातल्या मनात चिडले होते.

तेवढ्यात सारजाबाई उठली आणि पदर खोचून म्हणाली, "दत्तोबा, गठुडं न्हाई चालत, तर न्हाई. मंग गठुडं कशापायी ठिवायचं? बेस्तरवारी मीच जाते की! चूल मांडते, दूध उतू घालते, आन तिथंच ऱ्हाते. मागनं छप्पर चढू द्या. पौषात घरात शिरायचं नसतंय. घरात बसल्यालं मानूस बसल्यालंच ऱ्हातंय. त्याच्या डोक्यावर कौलं घालाया कुनाचा पौष आडवा येतोय?"

दत्तोबाने बराच वेळ बोटं मोजली. मला वाटलं, आता काही नवीन काढतो. पण तो म्हणाला, "ह्ये चालतंय. छपराला पौष न्हाई."

दादा, मी एवढ्या वर्षांत शाळेत पुष्कळ बक्षीस समारंभ पाहिले, पण अशा टाळ्या ऐकल्या नाहीत. अठराही घरं गुरुवारी भरणार. पुलाखालचं कुटुंब निरोप मिळताच हजर झालं. देहूरोडला ज्योतीराम सायकल घेऊन गेला आहे.

लाकूड काल चिंचवड स्टेशनात उतरलं, कौलं मंगळवारी येतील. म्हणजे गुरुवारपासून लोक चार भिंतींच्या आत आणि आभाळाखाली राहणार. थंडी कडक आहे. डॉक्टरांनी ताडपत्र्या मिळवल्या आहेत, पाचट आहे, घोंगड्या आहेत. लेकुरवाळ्या बायका पहिल्या काही रात्री शाळेत झोपतील, पण चूल मात्र आपापल्या घरात पेटेल. तुमच्याशिवाय छप्पर चढवायला गवंडी आणि सुतार आहेतच, काळजी नसावी.

तुम्ही मजेत असालच. दोन मुलगे, दोन गावं, जिथली हवा आवडेल तिथे राहायचं. मला हेवा वाटतो हं! मी तर चिंचवडबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

दुर्गा


तार
सोलापूर, १७ डिसेंबर १९५७

उद्या पोहोचतो. खाली माणसं असताना वासे चढवायचे नाहीत. मी येईपर्यंत कैचीला कुणी हात लावू नये. काळजी आहे. यशवंत


चिंचवड,
५ जानेवारी १९५८

(दादा, बार्शीला पुतण्याकडे निघालात तेव्हाच पत्ता देऊन गेलात, म्हणून हे तिकडे पाठवते. सारजाबाई सांगते आहे, मी लिहिते आहे. मध्ये माझं एक अक्षरही घालायचं नाही, अशी तिची अट आहे. दुर्गा)

आप्पा,

सारजाचा रामराम घ्यावा. तुमी गेल्यापास्नं हितं कौलावरनं कुनी वरडत न्हाई, त्यानं चुकल्यागत वाटतंय. तुमी वर बसून समद्यांस्नी शिव्या द्यायचा. आमाला वाटायचं ह्यो म्हातारा लई रागीट. पर ज्योती म्हनला, आये, त्यांनी खाली पोरगं दिसलं की हात थांबिवला बग. तवा आमाला कळलं.

आमी बेस्तरवारी शिरलो त्ये तुमी डोळ्यांनी बगितलंच. दूध उतू गेलं आन तुमी म्हनला, वाया गेलं. तसं म्हनू ने. पर तुमी हसत होता, म्हनून म्या काय बोलले न्हाई.

येकतीस तारखेला रंगराव पाटील आलं. आमच्या झोपड्यांत कुनी ऱ्हायलं का, त्ये बगाया. समदं मोकळं. मंग आकुर्डीला आलं, वर कौलं बगितली, आन माझ्या वट्ट्यावर बसून च्या प्याले. म्हनले, "सारजाबाई, मला वाटलं हुतं माझ्या नावानं बोटं मोडत जाल." म्या म्हनलं, "पाटील, सवड कुनाला हाय?" येक तारखेला तिकडं तारा ठोकल्या. ज्योती शिफ्टला जाताना त्याच वाटंनं गेला. म्हनला, आये, आपली चूल कुठं हुती त्ये बी वळखू येत न्हाई आता. मला वाईट वाटंल आसं वाटलं हुतं, पर न्हाई वाटलं. हितं माझी भित हाय. नातू तिला धरून हुबा ऱ्हाया लागलाय.

आता ज्याच्यापायी पत्तर लिवाया लावलं, त्ये सांगते. राग धरू ने.

तुमी हितं हुता तवा ज्योतीच्या पडवीत निजायचा. रोज सकाळी उठून आंथरून वळकटी करून, दोरीनं बांधून दारामागं ठिवायचा. तांब्या, धोतर, चष्म्याची डबी, समदं पिशवीत. सून म्हनली, किती नेटकं मानूस हाय. आप्पा, म्या धा वर्सं पालात आन झोपडीत काढली. सकाळ झाली की वळकटी बांधून ठिवायची, कारन कवा कोन म्हनंल उठा, काय सांगावं. आपल्या घरात मानूस वळकटी बांधत न्हाई. गुंडाळतंय आन कोपऱ्यात लोटतंय.

तुमची पत्तरं कुठनं कुठनं आली, त्ये बाईंनी आमाला सांगितलं. पयलं नगरचं, मंग सोलापूरचं, आता बारशीचा पत्ता. बाई म्हनत्यात, दादा हवा पालटत्यात. म्या म्हनलं, बाई, येवडी हवा कुनी पालटत न्हाई. आता लिवताना त्यांच्या डोळ्यांस्नी पानी आलंय. मदी अक्षार घालू नका म्हनलं हुतं, म्हनून काय म्हनत न्हाईत.

काल मंडळाची सभा झाली. तुमच्या हातचा नियम बाईंनी वाचला. ज्यानं घराच्या कामाला हात लावला आन ज्याला दुसरं सोताचं घर न्हाई, त्याला मंडळानं घर द्यावं, पगाराला झेपंल आशा हप्त्यानं. म्या इचारलं, ह्यात म्हाताऱ्या मान्साला न्हाई आसं कुठं लिवलंय? कुटंच न्हाई. मंग समद्यांनी हात वर केलं. दत्तोबानं बी केला. वळीतली शेवटची खोली, अवजारांची, ती तुमची. अवजारं आमच्या पडवीत ऱ्हातील. हप्ता तुमच्या पेन्शनीतनं द्यायचा. फुकट न्हाई. फुकट म्हनलं की तुमी येनार न्हाई, ह्ये बी सभेत ठरलं.

आमी काय उपकार करत न्हाई. मंडळानं आमच्यासाठी केलं, त्येच तुमच्यासाठी.

सारजाबाई


बार्शी,
१० जानेवारी १९५८

दुर्गा, आणि सारजाबाई,

पत्र दोघींनी लिहिलं म्हणून उत्तरही दोघींना. दुर्गा, वाचून दाखव, आणि या वेळी साहेबासारखं काही निवडून काढू नकोस, सगळं वाच.

वळकटीचं म्हणता ते खरं आहे. मला ते स्वतःला दिसलं नव्हतं. पत्र वाचलं आणि मान वळवून पाहिलं, तर ती इथेही दारामागे बांधलेली होती.

मुलं वाईट नाहीत, हे आधी लिहितो. कुणी मला जा म्हणालेलं नाही. त्यांच्या घरात खोल्या कमी आहेत आणि माणसं वाढली आहेत, एवढंच. कुणाच्या परीक्षा आल्या, कुणाचे पाहुणे आले, की मीच गाडीची वेळ पाहतो. त्यांनी म्हणायच्या आत निघालेलं बरं असतं. तुझी वहिनी होती तोवर सरकारी बंगला असो की तंबू, ते घर होतं. ती गेल्यावर मी निवृत्त झालो आणि तेव्हा कळलं की, इतक्या लोकांची घरं आखून दिली, त्यात आपलं आखायचं राहून गेलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हवा पालटत होतो. दुर्गा, तू रडू नकोस. तुला कळलं नाही, कारण मी तुला कळू दिलं नाही. त्या कामात मी हुशार आहे.

नियम मी लिहिला तेव्हा त्यात मी बसतो, हे मला सुचलं नव्हतं. सारजाबाई, तुम्ही सभेत उभ्या राहिलात की मंडळाला काहीतरी नवीन करावं लागतं, हे मात्र मला आधीपासून कळायला हवं होतं.

मी येतो. हप्ता देईन. माळावरच्या पुढच्या ओळीची आखणीही मीच करीन, त्याचा मेहनताना घेणार नाही आणि त्यावर सभा भरवायची नाही. मी २१ तारखेला निघतो. तेव्हा पौष संपलेला असतो, ही गोष्ट योगायोगाची आहे. त्या दिवशी गाडीला गर्दी कमी असते.

आता महत्त्वाचं. त्या शेवटच्या खोलीला मी खिडकी दिलेली नाही. घमेली आणि पहारी ठेवायच्या होत्या, त्यांना उजेड कशाला, असा विचार केला. आत माणूस राहायचा म्हणजे पूर्वेची भिंत फोडून खिडकी काढायला हवी. जागा मी मनात पाहून ठेवली आहे. ज्योतीराम हौशी आहे, तो माझ्या आधीच हातोडा घेऊन उभा राहील. त्याला सांगा, भिंतीला हात लावायचा नाही. एवढं काम माझ्यासाठी ठेवा. मला माझ्या घराची खिडकी स्वतः काढायची आहे.

यशवंत